लांबलचक इंग्रजी शब्द तोडायचा कसा आणि जोर द्यायचा कुठे?

आष्टी तालुक्यातलं कडा घ्या. क-डा, दोन सिलेबल. जोर कुठेही द्या, गाव कडाच राहतं. इंग्रजीत मात्र एका सिलेबलवर जोर पडतो, बाकीची दबतात. जोर चुकला, तर स्पेलिंग पाठ असूनही समोरचा ‘काय?’ म्हणून विचारतो.

तोडताना अक्षरं नाही, स्वरांचे आवाज मोजा. स्टे-शन, दोन. आपण ‘इस्टेशन’ म्हणतो तेव्हा उगाच तीन होतात! यु-नि-व्हर्-सि-टी, पाच.

आता शब्दाचा शेवट बघा. ‘शन’ असेल तर जोर बहुतेक त्याच्या लगेच आधी : ए-ज्यु-के-शनमध्ये ‘के’वर. ‘इटी’ असेल तर शेवटून तिसऱ्यावर, म्हणून युनिव्हर्सिटीत ‘व्हर्’वर.

खरी गंमत फोटोग्राफची. तिथे जोर ‘फो’वर, फोटोग्राफीत तो सरकतो ‘टॉ’वर, फोटोग्राफिकमध्ये ‘ग्रॅ’वर. आपण तिन्हीकडे ‘ग्रा’च लांबवतो. डेव्हलपमेंटचंही तसंच : जोर ‘डे’वर नाही, ‘व्हे’वर, डि-व्हे-लप-मेंट.

अपवाद आहेतच. टेलिव्हिजनमध्ये जोर पहिल्याच ‘टे’वर येतो. शंका आली तर डिक्शनरीतल्या उच्चारात वरच्या बाजूला छोटी उभी रेघ शोधा. तिच्यानंतरच्या सिलेबलवर मुख्य जोर.