लिंबायतचा वाचक आणि डिजिटल प्रताधिकार

सुरतच्या लिंबायतमध्ये खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांना मराठीतील दुर्मीळ पुस्तक घरबसल्या मोबाइलवर मिळेल काय? २०१२च्या दुरुस्तीनंतर प्रताधिकार कायद्याचे कलम ५२ अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला, छापील प्रत संग्रही असल्यास, जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवू देते. ती घरोघर पोहोचविण्याची स्पष्ट मुभा मात्र त्यात नाही. पणजीच्या १८३२पासूनच्या मध्यवर्ती ग्रंथालयालाही हीच चौकट लागू आहे. खानदेशच्या बहिणाबाईंची गाणी त्यांच्या निधनानंतर १९५२ साली प्रसिद्ध झाली. मरणोत्तर साहित्याची ६० वर्षांची मुदत प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून मोजतात. त्यामुळे ती २०१३पासून मुक्त झाली. हयात लेखकाच्या, बाजारात न मिळणाऱ्या पुस्तकाच्या मात्र जास्तीत जास्त तीन प्रती काढता येतात, त्याही ग्रंथालयाच्या वापरापुरत्याच.