नागीण: नाव सापाचे, आजार विषाणूचा

“डॉक्टर, दोन्ही टोके जुळली तर?” नागिणीच्या रुग्णाचे नातेवाईक हा प्रश्न हळूच विचारतात. ही भीती नावातूनच आली आहे. पाठीकडून पोटाकडे वळणारा फोडांचा पट्टा सापासारखा दिसतो, म्हणून नागीण. वैद्यकीय नाव हर्पीस झोस्टर. ग्रीकमध्ये हर्पीसचे मूळ सरपटण्यात आहे आणि झोस्टर म्हणजे कमरपट्टा. तिकडच्यांनाही तेच दिसले, फक्त साप दिसला नाही!

कांजिण्या बऱ्या झाल्यावर त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी सुप्त राहतो. वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर तो एखाद्या मज्जातंतूवाटे त्वचेवर येतो. असा मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला पसरलेला असल्याने पट्टा बहुधा मध्यरेषेपाशी थांबतो. विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, हे खरे नाही.

गेरूचा लेप लावून वाट पाहण्यात मात्र मोलाचा वेळ जातो. विषाणूरोधक गोळ्या पुरळ उठल्यापासून शक्यतो ७२ तासांच्या आत सुरू कराव्यात. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. दृष्टीला धोका असू शकतो.