अल-जझरी आणि पाण्याच्या धारेचे माप

मुस्लिम शास्त्रज्ञांचा विषय निघाला की अल-जझरीच्या हत्तीच्या घड्याळाचे चित्र हमखास समोर येते. आपण ते कौतुकाने पुढे पाठवतो. पण त्याचे खरे मोठेपण हत्तीपेक्षा पाण्याच्या एका छोट्या भोकात जास्त दिसते.

बदीउज्जमान अल-जझरी हा दियारबकीरच्या अर्तुकी दरबारातील यंत्रकार. इ.स. 1206 मध्ये (हिजरी 602) त्याने यंत्रांवरील आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात पन्नास यंत्रे आहेत. पहिलेच आहे किल्ल्याच्या आकाराचे जलघड्याळ.

त्या काळी सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे बारा समान तास करीत. साहजिकच उन्हाळ्यात तास लांब, हिवाळ्यात आखूड. म्हणून घड्याळातील धारही रोज थोडी कमी-जास्त करावी लागे. त्यासाठी पाणी आधी एका छोट्या कुंडात येई. तेथील तरंगता झडपा पाण्याची उंची कायम राखी. आपल्या टाकीतला बॉलकॉक हेच काम करतो. बाहेर पडणारे भोक फिरत्या तबकडीवर असे. भोक खाली आणले की धार वाढे, वर नेले की कमी होई. कोणत्या दिवशी ते कुठे ठेवायचे, हे तबकडीभोवतीच्या राशींच्या खुणा सांगत.

या खुणा बरोबर आहेत का, हा कळीचा प्रश्न. आर्किमिडीजच्या नावे चालत आलेली अर्धवर्तुळाची रीत अल-जझरीने तपासली. ती चुकीची निघाली. पूर्ण वर्तुळाची रीतही उतरली नाही. मग त्याने स्वतः प्रयोग करून नव्या खुणा ठरवल्या.

चूक का होत होती? पाण्याची उंची चौपट केली तर धारेचा वेग फक्त दुप्पट होतो. हा नियम तोरिचेल्लीने 1644 मध्ये मांडला. अल-जझरीकडे सूत्र नव्हते, पण पडताळून पाहण्याची सवय होती. करून न पाहिलेल्या ज्ञानावर त्याचा भरवसा नव्हता.

आजही प्रयोगशाळेत पाण्याच्या मीटरचे कॅलिब्रेशन असेच होते. मीटरमधून गेलेले पाणी गोळा करून त्याचे वजन करतात आणि मीटरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहतात. मीटर कोणत्या कंपनीचा, हे तिथे कोणी विचारात घेत नाही.

अल-जझरीनेही आर्किमिडीजचे नाव पाहून खुणा मान्य केल्या नाहीत. त्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ही सवयही उचलायला हवी. सुरुवात आपल्याच पूर्वजांबद्दल फिरणाऱ्या दाव्यांपासून करता येईल.