एक दिवस, चार सनावळ्या

पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 रोजी झाली, हे शाळकरी मुलगाही सांगेल. पण त्या काळच्या मराठी कागदात ही तारीख अशी सापडायची नाही. तिथे शके 1682 मधली पौष शुद्ध अष्टमी असेल, किंवा सुहूर सन ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे 1161 असेल. फारसी कागदात हिजरी 1174 आणि इंग्रजीत इसवी सन. दिवस एक, सनावळ्या चार!

पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे कोट्यवधी मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतल्या निवडक कागदांचे 45 खंड 1930 ते 1934 या काळात प्रसिद्ध केले. आज आपण कागदाचे छायाचित्र संगणकात ठेवतो आणि काम झाले असे समजतो. माझ्या मते ती केवळ पहिली पायरी. छायाचित्राने कागद वाचतो, पण त्याचे सगेसोयरे कोण, हे कळत नाही.

पुढची पायरी जोडणीची. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 2006 मध्ये तिचे नियम मांडले. प्रत्येक व्यक्तीला, गावाला, कागदाला इंटरनेटवर एक कायमचा पत्ता द्यायचा आणि त्यांच्यातले नाते नोंदवायचे. हे पत्र अमक्याने, अमक्या गावाहून, अमक्या दिवशी लिहिले. तसे केले, की ‘नाना फडणीस’ आणि ‘बाळाजी जनार्दन’ हा एकच माणूस, हे यंत्राला कळते. पुण्यातला मोडी कागद आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतला ईस्ट इंडिया कंपनीचा कागद अभ्यासकापुढे शेजारी-शेजारी येऊ शकतात.

पण खरी कसोटी इथेच आहे. सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. पुढे ‘मीच भाऊ’ म्हणत एक तोतया उभा राहिला. अनेकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. 1776 मध्ये त्याला देहान्ताची शिक्षा झाली. आता त्याच्या पक्षाच्या एखाद्या पत्रात ‘भाऊसाहेब’ आले, तर ते कोणत्या पत्त्याला जोडायचे? यंत्र नाव पाहून खुशाल खऱ्या भाऊंना जोडील आणि पानिपतावर पडलेला माणूस पंधरा वर्षांनी फौज जमवताना दिसेल! शिवाय ही माहिती जो जो घेईल, त्याच्याकडे ती चूकही जाईल.

म्हणून माझा आग्रह असा, की प्रत्येक जोडणीखाली ती कोणी केली आणि कशाच्या आधारे केली, हे लिहावे. ‘नक्की’ आणि ‘बहुधा’ हे रकाने वेगळे ठेवावेत. सुहूर सन मृगाला बदलतो, त्यामुळे इसवी सनासाठी त्यात कधी 599, तर कधी 600 मिळवावे लागतात. तेव्हा कागदातली मूळ मिती पुसू नये; इसवी तारीख तिच्या शेजारी लिहावी. यासाठी मोडी वाचणारा जाणकार संगणकापाशी बसलेला हवा. त्याच्या मेहनतान्याची तरतूद यंत्राच्या खरेदीबरोबरच व्हावी. कागद जोडणे ही कारकुनी नव्हे. तो इतिहासाचा निवाडाच आहे.