सप्टेंबर 1827 : तंजावरचा केसपेपर

तुम्ही तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात उभे आहात आणि समोरच्या दगडी भिंतीवर चक्क मराठी कोरलेली आहे. भोसले घराण्याचा हा इतिहास 1803 साली कोरला गेला. वेळ सकाळची, साल 1827, महिना सप्टेंबरचा. मंदिरातून बाहेर पडा आणि राजवाड्याची वाट धरा. कानावर तमिळ पडेल, तेलुगू पडेल, मधूनच तमिळ हेल काढून बोललेली मराठीही पडेल.

आपल्या काळात तुम्ही कर्करोगाची जनुकं आणि त्यांच्यावरची औषधं शोधता. इथे मात्र त्यातलं अक्षरही काढू नका. सजीव पेशींचे बनलेले असतात हा सिद्धांत मांडला जायला अजून दहा-बारा वर्षं आहेत. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल आज पाच वर्षांचा पोर आहे.

धन्वंतरी महालात शिरताच काढ्यांचा उग्र वास नाकात भरतो. खलबत्त्याचे ठोके ऐकू येतात. आयुर्वेदाचे वैद्य, सिद्ध वैद्य, युनानी हकीम आणि युरोपीय वैद्यक जाणणारे, सगळ्यांच्या विद्येला इथे जागा आहे. ही जुळणी तंजावरचे भोसले राजे सरफोजी यांची. या महिन्यात त्यांना पन्नास वर्षं पूर्ण होतील. 1799च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि त्यांची सत्ता किल्ल्यापुरती उरली. मोकळ्या हातांना राजांनी काम शोधलं: छापखाना, ग्रंथसंग्रह, औषधं. गेल्या वर्षी इथे येऊन गेलेल्या बिशप हेबरने लिहून ठेवलंय की हा राजा लव्हाझिए, लिनियस आणि बुफाँ यांचे दाखले सहज देतो.

आतल्या दालनात मोतीबिंदूचा रुग्ण बसलाय. भूल देण्याची सोय नाही. ईथरचा वापर रूढ व्हायला दोन दशकं लागतील. डॉक्टर मॅकबीन डोळा तपासतात, राजे स्वतः लक्ष घालतात. तुमची नजर मात्र शस्त्राऐवजी कागदाकडे जाते. रुग्ण कोण, तक्रार काय, उपचार कोणता, हे सारं टिपलं जातंय. शेजारी त्या डोळ्याचं रंगीत चित्र आहे. तुम्ही रोज हाताळता तो केसपेपर हाच! ओळखीचं काहीतरी भेटल्याचा आनंद होतो.

मग तुमच्यातला संशोधक जागा होतो. औषध दिलेल्यांच्या जोडीला न दिलेले रुग्ण कुठे आहेत? मात्रा प्रत्येक वेळी तीच होती का? ज्यांना गुण आला नाही, त्यांची नोंद कुणी ठेवली? तुमच्या काळातल्या चाचणीला लागणारी ही शिस्त इथे अजून घडायची आहे. महालात पारखलेली औषधं पुढे ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने तमिळ पद्यात बांधली गेली. पाठ करायला पद्य सोयीचं. पण पद्यात फक्त यश उरतं, फसलेला प्रयोग गळून पडतो.

आता काळाची उडी घ्या. साल 1952, कॅनडातली वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठाची प्रयोगशाळा. रॉबर्ट नोबल यांच्या हाती जमैकाहून सदाफुलीची पानं आली आहेत. तमिळनाडूत हिलाच नित्यकल्याणी म्हणतात. लोक मधुमेहावर तिचा काढा घेतात, म्हणून उंदरांवर तपासणी चाललीय. रक्तातली साखर ढिम्म हलत नाही. प्रयोग फसला. तरी नोंदवहीत एक भलतीच गोष्ट उतरते: पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या आहेत. त्या नोंदीचा माग काढत नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी 1958 साली व्हिनब्लास्टिन जगापुढे ठेवलं. त्याच झाडातून निघालेलं व्हिनक्रिस्टिन आजही मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर दिलं जातं. पेशी दुभंगताना तिच्या आत जे बारीक धागे ताणले जातात ते ही औषधं जुळू देत नाहीत, म्हणून कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबते.

‘साखर उतरली नाही’ एवढंच लिहून वही मिटली असती, तर ही औषधं तेव्हा हाती लागली नसती. औषधाचा शोध वनस्पतीइतकाच नोंदवहीत असतो. आणि न पटणारं, न मागितलेलंही जी वही टिपते, तीच कामाची ठरते. सरफोजीराजांनी या वाटेवरचं पहिलं पाऊल नक्की टाकलं होतं. दुसरं पाऊल, म्हणजे अपयशाचा हिशेब, पुढच्यांनी टाकलं.

आपल्या काळात परतलात की तंजावरला जा. सरस्वती महाल ग्रंथालयात त्या डोळ्यांची चित्रं जपलेली आहेत. तंजावरच्या मराठी दरबाराचे मोडी लिपीतले असंख्य कागदही टिकून आहेत, ते वाचू शकणारी माणसं मात्र मोजकीच आहेत. वैद्यक शिकणाऱ्या मराठी मुलामुलींपैकी काहींनी तरी मोडी शिकावी. त्या कागदांतलं वैद्यक पारखायला डॉक्टरची नजर आणि मोडीची अक्षरओळख, दोन्ही एकाच माणसापाशी हवीत.