'अमुक' ते 'फील्ड' : दस्तऐवजातील रिक्त जागा आणि इतिहासाची साधने

प्रस्तावना

संगणकावर पत्र वा प्रमाणपत्र तयार करताना दिनांक, नाव, क्रमांक यांसाठी स्वयंचलित 'फील्ड' ठेवण्याची पद्धत आज सार्वत्रिक झाली आहे. ती संगणकयुगाची निर्मिती आहे, असा समज आढळतो. वस्तुतः स्थिर मजकूर आणि बदलता तपशील यांची विभागणी भारतीय लेखनपरंपरेत फार जुनी आहे. प्रस्तुत निबंधात भिवंडी परिसरातील एका ताम्रपटाच्या आधारे या परंपरेचा आणि तिच्यातून उद्भवणाऱ्या साधनचिकित्सेच्या प्रश्नाचा विचार केला आहे.

भादाणे ताम्रपट

उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपराजित याचा शके ९१९ (इ.स. ९९७) चा ताम्रपट भादाणे ताम्रपट म्हणून ओळखला जातो. त्यात भादाणे हे गाव लोणादित्य देवाला दान दिल्याची नोंद आहे. भादाणे आणि लोणाद ही दोन्ही गावे आज भिवंडी तालुक्यात आहेत. मंगलाचरण, वंशवर्णन, दानाचा तपशील, शापवचने हा अशा दानपत्रांचा ठरलेला साचा होय. त्यात राजा, तिथी, गाव आणि प्रतिग्रहीता एवढेच प्रसंगानुसार बदलत.

साच्यात सम्राटाचेही स्थान होते. शिलाहार हे राष्ट्रकूटांचे मांडलिक. इ.स. ९७३ च्या सुमारास तैलप चालुक्याने राष्ट्रकूट सत्ता संपुष्टात आणली. तरीही सुमारे २४ वर्षांनंतरच्या या लेखात राष्ट्रकूटांची वंशावळ आहे आणि तिच्या अखेरीस त्या सत्तेच्या नाशाचा उल्लेख आहे. नव्या सम्राटाचे नाव त्या जागी आपोआप आले नाही. ते न येण्यातच शिलाहारांची राजकीय भूमिका दिसते.

'अमुक'ची परंपरा

मसुद्यांचे नमुने देणारा 'लेखपद्धति' हा गुजरातेतील संस्कृत संग्रह बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२५ साली प्रसिद्ध झाला. बदलत्या तपशिलाच्या जागी 'अमुक' हा शब्द योजण्याची रीत त्यात आढळते. मात्र देवगिरीचा यादव राजा सिंघण आणि लवणप्रसाद यांच्यातील तहाच्या मसुद्यात प्रत्यक्ष नावे व विक्रम संवत १२८८ (इ.स. १२३१-३२) हे वर्ष आहे. डॉ. रा. गो. भांडारकर यांनी दख्खनच्या इतिहासात त्याची दखल घेतली. हा प्रत्यक्ष तह, की नमुन्यासाठी भरलेली नावे, हा प्रश्न त्यातून निर्माण होतो. मराठीतही हेमाडपंताच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या 'मेस्तका'त पत्रलेखनाचे मायने व संकेत दिले जात.

स्वयंचलित फील्ड

'अमुक'च्या जागी तपशील भरणारा लेखनिक होता. आयबीएमच्या १९६४ मधील चुंबकीय फितीच्या टंकयंत्रामुळे साठवलेला मजकूर पुन्हा पुन्हा टंकित करणे शक्य झाले. पुढे मेलमर्जमुळे यादीतील नावे पत्रात आपोआप भरली जाऊ लागली. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये दिनांकाची फील्डही एकाच प्रकारची नसते. 'क्रिएटडेट' फाइलच्या निर्मितीचा दिनांक दाखवते. 'डेट' मात्र चालू दिनांक दाखवते. परिणामी जुने पत्र पुन्हा उघडले वा छापले, तर त्यावर त्या दिवसाचा दिनांक येऊ शकतो.

येथे साधनचिकित्सेचा मूळ प्रश्न उभा राहतो. ताम्रपटात तिथी कोरली की ती पुसण्यासाठी खाडाखोड करावी लागे, आणि खाडाखोड अभ्यासकाला दिसे. फील्डमधील बदल कोणतीही खूण मागे ठेवत नाही. ठराव, नियुक्तिपत्र वा इतिवृत्त यांचा दिनांक असा बदलला, तर पुराव्याचा आधारच निखळतो.

निष्कर्ष

रिक्त जागा ही लेखनव्यवहाराची जुनी सोय आहे. ती भरण्याची जबाबदारी मात्र माणसाकडून यंत्राकडे गेली आहे. म्हणून महाविद्यालये, ग्रामपंचायती व अन्य संस्थांनी कागदपत्र अंतिम करताना फील्डचे स्थिर मजकुरात रूपांतर करावे आणि स्वाक्षरीची प्रत स्वतंत्रपणे जतन करावी. अपराजिताच्या लेखनिकाने पडलेल्या साम्राज्याचे नाव जाणीवपूर्वक राखले, म्हणूनच त्या काळाची निष्ठा आज वाचता येते. उद्याच्या संशोधकासाठी तेवढी स्थिरता आजच्या कागदपत्रांतही असणे आवश्यक आहे.