लाखोळी : विष की प्रमाण?

भंडारा जिल्ह्यात धान कापणीला येण्याआधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या पिकात लाखोळी फेकून पेरतात. याला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, वेगळे पाणी नाही. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, दाण्यांची डाळ. दाण्यात प्रथिने सुमारे २८ टक्के, म्हणजे तुरीपेक्षाही अधिक. असे हे गरिबाचे कडधान्य १९६१ साली केंद्राच्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांनुसार विक्रीस निषिद्ध ठरले. पेरण्यास मात्र मनाई नव्हती. त्यामुळे शेतकरी पेरत राहिला आणि खातही राहिला.

बंदीमागचे कारण खरे होते. सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' ग्रंथात या धान्याने पांगळेपणा येतो असे म्हटले आहे. कर्नल स्लीमनने सागर भागातील हकिगत नोंदवली आहे. १८२९ साली गारपिटीने, १८३० साली अवर्षणाने आणि १८३१ साली रोगाने गहू गेला. तगली ती लाखोळीच. लोक तिच्यावरच जगले आणि १८३३ पासून तिशीच्या आतील तरुणांचे कमरेखालचे अंग लुळे पडू लागले. पाने आणि काड्या जनावरांना, दाणे माणसांना, अशी ती वाटणी होती!

१९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सर्मा यांनी दाण्यातील दोषी अमिनो आम्ल वेगळे केले. त्याला थोडक्यात ओडॅप म्हणतात. पण विष सापडले म्हणून प्रश्न सुटला नाही. किती खाल्ले आणि किती दिवस, हे कोण सांगणार?

याचे उत्तर एका छळछावणीने दिले. १९४२ साली युक्रेनमधील वाप्नियार्का येथे कैद्यांना रोज ४०० ग्रॅम लाखोळी आणि २०० ग्रॅम जवाचा पाव मिळे. तीन-चार महिन्यांतच पाय आखडू लागले. कैद्यांपैकीच एक असलेल्या डॉ. आर्थर केसलर यांनी कारण ओळखले. आता याच्याशेजारी आपल्याकडचे ताट ठेवून पाहू : भरपूर भात आणि माणशी मूठभर, म्हणजे ४०-५० ग्रॅम डाळ. आहाराचा तिसरा हिस्सा किंवा अधिक लाखोळीचा, आणि तोही दोन-तीन महिने सलग, असे झाले की धोका वाढतो. रेवा भागात शेतमजुरांना मजुरीच या धान्यात मिळे. तेथे रोग घरोघर दिसला, यात नवल नाही. आमच्या मते तो रोग डाळीइतकाच त्या मजुरीचाही होता.

भाताचे काम केवळ डाळ पातळ करण्याचे नाही. लाखोळीत मेथिओनिन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल फार कमी असते. तांदळात ते त्यामानाने बरे असते. इथिओपियातील पाहण्यांतही, जे लोक इतर तृणधान्ये मिसळून खात त्यांच्यात रोग कमी आढळला.

ओडॅप पाण्यात विरघळते. डाळ गरम पाण्यात भिजवून वा उकळून ते पाणी फेकले, की विषाचा बराचसा भाग निघून जातो. त्याबरोबर ब गटातील काही जीवनसत्त्वेही जातात.